लायब्ररीतली सावड

लिंबाजी वाव्हळेला कुणी हसलेलं मला खपत न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. मी बन्सीधर पेंटर. परभणीत स्टँडजवळच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या हातच्या. जबान जरा कडक हाय माझी, पण अक्षर सरळ हाय. लिंबाजीचं उलटं. बोलणं गुळासारखं, अक्षर मात्र कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. आमी दोघं वालूरचे, एका वर्गातले. छप्पन साली आमची घरं बौद्ध झाली तेव्हा दहा-अकरा वर्षांचे असू.

त्याचा बाप लवकर वारला. माय चांगुणाबाई लोकाच्या रानात खुरपायला जायची. लिंबाजीला एक खोड होती. कुठं बी गेला, की पुढच्या खुर्चीवर बसायचा. शाळेत एका मास्तरानं सांगितलं, "मागं बस." हा म्हणला, "मागून फळा दिसत न्हाई, सर." अरे, तुला तर बाभळीवरचा होला वेशीतून दिसायचा! मास्तरानं छडी काढली. यानं मार खाल्ला, अन् हात झटकत तिथंच पुढं बसला. मोठा झाला तरी खोड गेली न्हाई.

बोरीच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर झाला. बाहेरून परीक्षा देत देत इंग्रजीत एम. ए. केलं. त्या अभ्यासात त्याला सहाशे वर्षांमागच्या इंग्रजीतली चार-दोन पानं सापडली. एका दुपारी दुकानात आला अन् ओल्या बोर्डाला टेकलाच. पाठीवर 'किराणा' उमटलं, तरी भान न्हाई. म्हणला, "बन्स्या, ऐक. विलायतेत मोठी महामारी आली. निम्मी माणसं मेली. उरलेल्या मजुरांनी जास्त मजुरी मागितली. तर जमीनदारांनी कायदाच केला, जुन्या मजुरीच्या वर मागायचं न्हाई म्हणून. अन् त्या वक्ताच्या कवितांत राबणाऱ्यांना शिव्या हायेत. माजले म्हणं, आळशी झाले म्हणं. सहाशे वर्षांमागं, सात समुद्रांपल्याड, अन् बोली तीच रे!"

"मग?" मी म्हणलो.

"मग काय? त्या कवितांतल्या शेतमजुरांवर पीएच. डी. करायलोय मी."

मला लय हसू आलं. बोरीत बसून विलायतेतल्या मेलेल्या मजुरांची चौकशी! पण त्याचं तोंड बघितलं अन् हसू गिळलं.

विद्यापीठाच्या समितीपुढं विषय मंजूर करून घ्यावा लागतो. समितीचे अध्यक्ष लय मोठे विद्वान, जुन्या इंग्रजीतला मराठवाड्यातला शेवटचा शब्द. आमी त्यायला नुसतं मोठे साहेब म्हणायचो. लिंबाजी गेला, पुढच्या खुर्चीवर बसला. साहेब म्हणले, "वाव्हळे, तुम्ही आपल्या समाजावर लिहा ना. मराठीतून लिहा. मध्ययुगीन इंग्रजी कवितेशी तुमचं काय नातं?"

लिंबाजी म्हणला, "तुमचं काय नातं आहे, सर?"

झालं! पंधरा दिवसांत लखोटा आला. 'संदर्भसाहित्य या भागात उपलब्ध नसल्यामुळे विषय नामंजूर. सहा महिन्यांत मूळ ग्रंथ व संदर्भसूची सादर केल्यास फेरविचार करता येईल.' खाली साहेबांची सही. लिंबाजीनं ते पत्र मला वाचून दाखवलं अन् घडी घालून खिशात ठेवलं. "दाखवतो," एवढंच म्हणला. मी दिलेल्या शिव्या इथं सांगत न्हाई.

पुस्तक कोणतं पाहिजे ते त्याला ठाऊक होतं. त्या जुन्या कविता जशाच्या तशा, खाली बारीक टिपा, अन् शेवटी यादी, की या विषयावर कुणी कुणी काय लिहिलंय. ते एक हातात आलं की बाकीच्यांची वाट सापडणार होती. पण ते हाय कुठं? यानं कार्डं लिहायला घेतली. हैदराबाद, नागपूर, पुणे, मुंबई, जिथं जिथं मोठी लायब्ररी हाय तिथं. 'आपल्या संग्रही अमुक ग्रंथ आहे का?' तेवीस कार्डं गेली. अक्षर वाचता यावं म्हणून पत्ते मी लिहायचो. उत्तरं काय? 'नाही.' 'फक्त सभासदांसाठी.' एकानं तर लिहिलं, 'आपणांस हा ग्रंथ कशासाठी हवा आहे?' लिंबाजीनं उलट टपाली कळवलं, 'वाचण्यासाठी.' निम्म्या जागांहून उत्तरच न्हाई. पाच महिने असेच गेले.

शेवटी मुंबईच्या एका लायब्ररीनं कळवलं: पुस्तक हाय, माणसाला देत न्हाई, पण लायब्ररीला चौदा दिवस उसनं देतो. परभणीच्या एका कॉलेजात दिनकरराव ग्रंथपाल होते. माणूस भला, पण नियमाचा असा पक्का की स्वतःच्या बायकोला बी पावतीशिवाय पुस्तक द्यायचा न्हाई. त्यायनी मागणी पाठवली. पुस्तक आलं. निळ्या कापडी पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांचं, पावणेचारशे पानांचं. पण टपालानं चार दिवस खाल्ले, जाताना तीन खाणार. हातात सातच दिवस. अन् दिनकरराव म्हणले, "सर, हे दाराबाहेर जाणार नाही. इथंच बसून वाचायचं. पान भिजलं, फाटलं तर माझी नोकरी गेली."

फोटो काढून छापणारी मशीन मुंबईत असली तर असेल. परभणीत आमी तिचं नाव ऐकलं नव्हतं. उतरवायचं तर हातानंच. लिंबाजीला शाळेतून एकच दिवस रजा मिळाली. त्या दिवसात त्याची पंचवीस पानं झाली, अन् ती बी अशा अक्षरात की त्याचं त्यालाच उद्या लागायचं न्हाई. संध्याकाळी माझ्या घरी आला अन् भिंतीला टेकून बसला. म्हणला, "बन्स्या, हरलो रे." त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

त्याची माय तेव्हा माझ्याकडंच आलती. चांगुणाबाईला अक्षराची ओळख न्हाई. ती चुलीपासूनच बोलली, "एकट्याच्यानं रान निघना झालं तर मानूस काय करतंय? सावड करतंय. तुजं काय निराळं हाय रे?"

सावड म्हणजे रानातली रीत. आज सगळे मिळून तुझ्या रानात, उद्या तू त्यांच्या रानात. ज्याचं काम त्यानं भाकर घालायची, अन् ज्याचा दिवस घेतला त्याला दिवस परत द्यायचा. आमच्याजवळ रान नव्हतं, पण रीत ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमी आठ जण लायब्ररीच्या दारात. तहसिलातला कारकून तात्याराव, रजा टाकून आलेला. झेडपीच्या शाळेतली मास्तरीण वच्छलाबाई. मी. अन् वस्तीतली मॅट्रिकला बसलेली पाच पोरं-पोरी. आणीबाणीचे दिवस. आठ जण एका जागी बघून कॉलेजचा शिपाई घाबरला, म्हणला, "मोर्चा हाय का?" दिनकरराव चष्मा पुसत बाहेर आले. आमी काय ते सांगितलं. त्यायनी नियमाचं पुस्तक काढलं, उभ्यानं सगळं वाचलं, अन् म्हणले, "एका वेळी एका पुस्तकाला किती जणांनी बसायचं, ते यात लिहिलेलं नाही. हात धुऊन या."

पुस्तक एक, म्हणून एका वेळी दोघंच. एकानं डावं पान घ्यायचं, एकानं उजवं. तासाभरानं हात अवघडला की बैल बदलावा तसे दुसरे दोघं बसायचे. ज्यायचा हात मोकळा, ते उतरवलेल्या ओळी मोजायचे, अक्षराला अक्षर लावून बघायचे. अन् अक्षरं बी काय एकेक! एक तर इंग्रजी पी-ला वर शेंडी फुटावी तसं. एक तीनच्या आकड्यासारखं, शेपूट लोंबणारं. वच्छलाबाई म्हणली, "बन्सीभाऊ, ही इंग्रजी न्हाईच. आपल्याला फसवायलेत." मी म्हणलो, "बाई, आपल्याला कळायचं न्हाई, उतरवायचं हाय. पेंटरचा कायदा ध्यानात ठेव. नमुना तसा नमुना. आपलं डोकं मधी घालायचं न्हाई."

अन् हितंच आमची चूक झाली. नमुना तसा नमुना म्हणलं ना मी? तर सगळ्यांनी सगळंच उतरवलं. मधल्या पानांवरचा मुंबईच्या लायब्ररीचा गोल शिक्का, तो बी गोल काढून. कुण्या जुन्या वाचकानं पेन्सिलीनं काठावर काहीबाही खरडलं होतं, ते बी. एका पानावर छपाईत एक ओळ दोनदा पडली होती, आमी दोनदा उतरवली. लिंबाजी रोज शाळा सुटल्यावर बोरीहून यष्टीनं यायचा. तिसऱ्या दिवशी ते बघून त्यानं कपाळाला हात लावला. "अरे, शिक्का कशाला काढलास, शहाण्या?" मी चिडलो. "आधी सांगायचं होतं! आता खोडलं तर पान घाण होतंय." तसंच राहू दिलं.

दुपारी चांगुणाबाई पाटी डोक्यावर घेऊन यायची. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, ठेचा. कॉलेजच्या मागं लिंबाखाली आमी जेवायचो. चौथ्या दिवशी दिनकरराव आपला डबा घेऊन आले, आमच्यात बसले अन् न विचारता भाकर उचलली. चांगुणाबाईनं त्यायच्या भाकरीवर जास्तीचा ठेचा ठेवला. डोळ्यांतून पाणी काढत खाल्ला बिचाऱ्यांनी. सातव्या दिवशी पाच वाजायच्या आत शेवटचं पान झालं. पुस्तक ठरल्या तारखेला टपालात पडलं. पुढं वर्षभर लिंबाजीनं सावड फेडली. तात्यारावाच्या घरावर पत्रे चढवले, वच्छलाबाईच्या भावाच्या रानात ज्वारी काढली, माझे बोर्ड घासून दिले.

पण आधी समिती. आठ मोठी रजिस्टरं झालती. मी पोत्यात बांधली अन् लिंबाजीबरोबर गेलो. साहेबांची खोली मोठी, भिंतीला काचेची कपाटं. लिंबाजी पुढच्या खुर्चीवर बसला. मी पोतं टेबलावर ठेवलं तर साहेबांनी कागद मागं ओढले.

साहेबांनी एक रजिस्टर उघडलं, दोन पानं चाळली. "हे काय? मी ग्रंथ मागितला होता. ही हातानं केलेली नक्कल आहे. कुणी केली?"

"पेंटर, कारकून, मास्तरीण अन् पोरं," लिंबाजी म्हणला.

"त्यांना ही भाषा येते?"

"न्हाई."

साहेब हसले. "भाषा न येणाऱ्यांनी उतरवलेलं! याचा भरवसा काय, वाव्हळे? याला संदर्भ म्हणत नाहीत."

लिंबाजीचं गुळासारखं बोलणं त्या दिवशी संपलं. "सर, तेव्हा छापखाना न्हवता. या कविता टिकल्या त्या हातानं उतरवूनच. तुमी ज्याला मूळ हस्तलिखित म्हणता ते बी कुण्या पोटार्थी माणसानंच उतरवलं. त्याचं नाव कुणाला ठाऊक न्हाई, त्याला सगळं कळत होतं का ते बी ठाऊक न्हाई. त्याच्यावर तुमचा भरवसा हाय. माझ्या बन्सीधरवर का न्हाई?"

साहेबांचं तोंड लाल झालं. "ठीक आहे. बघू या तुमचा बन्सीधर," म्हणले, उठले, खिशातून किल्ली काढली, अन् मागचं कपाट उघडलं.

निळा कापडी पुठ्ठा. सोनेरी अक्षरं. अक्षरं बघणं हा माझा धंदा हाय. एका नजरेत ओळखलं. तेच पुस्तक!

मी लिंबाजीकडं बघितलं. त्यानं बी बघितलं होतं. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. माझं तोंड उघडायलंच होतं, तर त्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

साहेब अर्धा तास पुस्तक अन् रजिस्टर शेजारी ठेवून बोट फिरवत बसले. इथलं एक पान, तिथलं एक पान. एकदम थांबले. "हे बघा! हा गोल काय? हे काठावरचं काय? हे ग्रंथात नाही. तुम्ही पदरचं घातलंय."

"गोल म्हणजे मुंबईच्या लायब्ररीचा शिक्का," लिंबाजी म्हणला. "काठावरचं कुण्या वाचकाचं पेन्सिलीचं. आमच्या नमुन्यात जे होतं ते आलं. पदरचं घालायचं असतं तर शिक्का कशाला काढला असता? चूक काढा, सर. एका अक्षराची काढा."

साहेबांनी आणखी दहा पानं लावून बघितली. ती दोनदा पडलेली ओळ त्यांच्या पुस्तकात बी दोनदाच होती. मग त्यायनी चष्मा काढला.

लिंबाजीनं खिशातलं पत्र काढलं, घडी उलगडली अन् साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. 'या भागात उपलब्ध नसल्यामुळे' या शब्दांवर बोट ठेवलं. "सर, हे तुमी लिहिलं तेव्हा ते कपाट इथंच होतं का?"

साहेबांनी पेन घेतलं, पत्राखाली 'विषय मंजूर' लिहिलं, सही केली, तारीख घातली. मग ते निळं पुस्तक त्यायनी उचललं अन् लिंबाजीपुढं सरकवलं. आवाज बदलला होता. "घेऊन जा हे. तुमचं काम होईपर्यंत ठेवा. परत करायची घाई नाही."

पाच महिने, तेवीस कार्डं, सात दिवस, आठ माणसांचे हात. मला वाटलं, ते पुस्तक उचलावं अन् त्या काचेवर घालावं.

लिंबाजी उठला. पुस्तकाला त्यानं हात बी लावला न्हाई. रजिस्टरं एकेक करून पोत्यात भरली, पोत्याचं तोंड बांधलं, अन् या वेळी माझ्या हातात न देता स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"राहू द्या, सर," तो म्हणला. "माझ्याजवळ हाय."