बाहीतून गेलेला चंद्र

आमच्या जानेफळात अफवा टिकत नाही. सकाळी ती मेहकरच्या एस.टी.तून उतरते, चहाच्या टपरीवर थोडी अंग धरते आणि माझ्या दुकानाच्या शेजारी येऊन दम सोडते, कारण तिथे आमचे गादीवाले चाचा बसलेले असतात. ऐकीव गोष्टीचा एवढा मोठा शत्रू अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. माझं ब्लाउज शिवायचं दुकान आणि त्यांचं गाद्या-रजया भरायचं दुकान, मध्ये फक्त एक पत्रा. त्यांची कापसाची रुई उडून माझ्या काळ्या अस्तरांवर बसते, माझ्या मशीनची खडखड त्यांच्या दुपारच्या डुलकीत शिरते, आणि यावरून आम्ही वीसेक वर्षं अगदी नियमाने भांडत आलो आहोत. चाचांनी सत्तरी ओलांडली आहे. दाढी पिकली आहे की दाढीत रुई अडकली आहे, हे लांबून कळत नाही. जवळून मात्र एक गोष्ट लगेच कळते. तुम्ही काहीही सांगितलंत तरी त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोनं पाह्यलं?"

ही खोड त्यांना लागली ती धर्मातून. पैगंबर साहेबांची कुठलीही गोष्ट सांगायची तर ती कोणी कोणाकडून ऐकली, त्याने कोणाकडून, अशी माणसांची साखळी आधी सांगावी लागते. तिला सनद म्हणतात, आणि साखळीतल्या प्रत्येक माणसाला रावी. रावी खरं बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, हेही तपासतात. चाचांनी हे तरुणपणी एका मौलवींकडून ऐकलं आणि ते हरखूनच गेले. बाकीच्यांनी हा नियम धर्मापुरता ठेवला. चाचांनी तो एस.टी.ला, पाहुण्यांना, कोणाची सून माहेरी निघून गेली त्याला, असा सगळ्यालाच लावला.

एकदा स्टँडवर कोणीतरी म्हणालं की चिखलीची गाडी आज रद्द आहे. ऐकणारे सगळे आपापल्या घरी गेले. चाचांनी सांगणाऱ्याला धरलं. त्याने पानवाल्याचं नाव घेतलं, पानवाल्याने कोण्या कंडक्टरचं, आणि तो कंडक्टर कालचा निघाला. एवढा तपास होईपर्यंत गाडी आली, दोन मिनिटं थांबली आणि निघूनही गेली. चाचा पायी घरी आले ते अगदी प्रसन्न चेहऱ्याने. गाडी चुकली याचं त्यांना काही नव्हतं. खबर खोटी निघाली होती. दुसऱ्या वेळी वरवट बकालहून त्यांचे साडू वारल्याची बातमी आली. घरात रडारड सुरू झाली, चाचींनी पिशवी भरली, आणि चाचांनी सरळ साडूंनाच फोन लावला. साडूंनी तो उचलला. "तुमच्या मौतीची खबर आली हाये," चाचा म्हणाले, "पन दोन्ही रावी कमजोर हायेत म्हनून इचारलं." साडू अजून ठणठणीत आहेत आणि चाचांशी बोलत नाहीत.

गावातल्या प्रत्येकाची त्यांनी प्रतवारी लावून ठेवली आहे आणि ती तोंडावर सांगायला ते लाजत नाहीत. सायकलवाला पक्का. टपरीवाल्याची याददाश्त चांगली, पण तो भर घालतो. माझ्याबद्दल त्यांचं मत मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ताई, तुमी सच्च्या हायेत, पन आयकता अर्धं." मला राग आला, पण त्याच आठवड्यात मी एका बाईच्या ब्लाउजला मागे हुक लावायचे ते पुढे लावून ठेवले होते, त्यामुळे गप्प बसले. लग्नं जुळवणारे मात्र त्यांच्याकडेच येतात. मुलगा कसा आहे विचारलं की चाचा दोन भाग करून सांगतात: हे मी पाहिलं, हे मी ऐकलं. दुसऱ्या भागासाठी कोणी थांबत नाही, कारण पहिल्यातच मुलाचं काय ते कळतं.

असा हा माणूस वर्षातून एकदा मात्र गोष्ट सांगतो. पैगंबर साहेबांच्या जन्माच्या महिन्यात, एका शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर, दुकानापुढे दोन जुन्या गाद्या अंथरतात आणि गल्लीतली हिंदू-मुसलमान सगळी माणसं जमतात. गोष्ट एकच, चंद्राचे दोन तुकडे झाल्याची. मक्केच्या लोकांनी पैगंबर साहेबांकडे खूण मागितली, आणि सगळ्यांच्या देखत चंद्र दुभंगला. एक तुकडा डोंगराच्या या बाजूला, एक त्या बाजूला. मग तो पुन्हा जुळला. याच्या पुढचा भाग मात्र खास चाचांचा. जुळण्याआधी चंद्र खाली उतरला, पैगंबर साहेबांच्या गळ्यापाशी कुडत्यात शिरला आणि बाहीतून बाहेर पडून आभाळात गेला. हे सांगताना चाचा रुईचा एक गोळा स्वतःच्या कुडत्याच्या गळ्यात टाकत आणि कसा कोण जाणे, मनगटापाशी बाहेर काढत. बायका पदराआड हसायच्या, म्हातारे माना डोलवायचे. मी शिंपीण असल्यामुळे दरवर्षी माझ्या मनात बाहीचा घेर यायचा. एकदा मी तसं बोललेही. चाचा म्हणाले, जो चाँद तोडू शकतो त्याले तुमची टेप काय मोजनार, आणि हे मला पटलं.

दोन वर्षांमागे चिखलीच्या त्यांच्या कापडवाल्या भाच्याने मोबाइलवर एक फोटो आणला. चंद्रावर लांबलचक भेग, खाली लिहिलेलं की परदेशातल्या शास्त्रज्ञांना चंद्र तुटल्याचा पुरावा मिळाला. टपरीवर सगळे खूश. चाचांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि विचारलं, हे कोण म्हणतं? भाचा म्हणाला, सगळेच म्हणतात. मग त्या शास्त्रज्ञाचं नाव काय, तो कोणाशी बोलला, कुठे लिहिलं? भाच्याला हा फोटो त्याच्या मित्राने पाठवला होता, मित्राला कोणी पाठवला ते मित्रालाही आठवत नव्हतं. चाचांनी मोबाइल परत दिला. "चाँद अल्लाहनं जोडला व्हता," ते म्हणाले, "मी नाई. माह्या गादीचे टाके दिसतात. त्याचे काऊन दिसतीन?"

भाचा फार दुखावला. चाचा मोजज्यावर, म्हणजे चमत्कारावर, शंका घेतात असं तो चारचौघांत बोलून गेला. चाचांना हे लागलं. माझा विश्वास पक्का आहे म्हणूनच मला असला कच्चा पुरावा नको, हे त्यांना भाच्याला पटवायचं होतं. मग त्यांनी चिखलीच्या एका मास्तरांकडून उशीएवढे जाड दोन उर्दू ग्रंथ आणले आणि त्या वर्षीच्या शुक्रवारी गोष्ट सनदीसकट सांगायचं ठरवलं. दीड महिना आमच्या गल्लीत एकही रजई वेळेवर मिळाली नाही. चाचा रुई पिंजायचं मशीन बंद करून वाचत बसायचे आणि काही सापडलं की पत्र्यावर टकटक करून मला सांगायचे. मुळात कुराणातच आयत, म्हणजे वचन, आहे, तिथे प्रश्नच नाही. पुढचं सांगणारे पुष्कळ, त्यातले एक स्वतः तिथे उभे होते. दुसरे तेव्हा दुसऱ्या गावात लहान होते, तिसऱ्यांचा तर बहुधा जन्मही झाला नव्हता, म्हणजे त्यांनी कोणा पाहणाऱ्याकडूनच ऐकलं असणार. या शेवटच्या दोघांवर त्यांनी तीन दिवस घातले. पण सगळ्यात आवडली ती मक्केच्या विरोधकांची गोष्ट. त्यांनी म्हणे आपसात ठरवलं की याने आपल्यावर जादू केली असेल, पण सगळ्या जगावर कशी करेल, तेव्हा बाहेरगावचे प्रवासी येऊ द्या, त्यांना विचारू. प्रवासी आले आणि म्हणाले, हो, आम्हीही पाहिलं. चाचांनी त्या दिवशी पत्रा जवळजवळ फोडला. "आयका ताई, दुश्मन व्हते, पन पद्धत बरोबर व्हती त्याह्यची."

मग एका दुपारी टकटक झाली नाही. चाचा स्वतःच दारात आले आणि पांढरं रीळ आहे का म्हणाले. त्यांच्याकडे रिळांचं पोतं आहे. मी मशीन थांबवलं. ते स्टुलावर बसले आणि सांगू लागले, एका जुन्या मोठ्या आलिमाने, म्हणजे धर्मपंडिताने, साफ लिहिलं आहे की चंद्र गळ्यातून शिरून बाहीतून निघाला ही गोष्ट किस्से सांगणाऱ्यांनी जोडलेली आहे, तिला काही आधार नाही. मी म्हटलं, मग तेवढं गाळा. त्यांनी मान हलवली. ती गोष्ट त्यांच्या अम्मीची होती. अम्मी दिवसभर रुई पिंजायच्या, आणि त्यांच्या जवळ लोळत पडलेल्या या पोराला रुईचा गोळा गळ्यात टाकून बाहीतून काढून दाखवायच्या. चाचांनी जगात सगळ्यांची सनद विचारली, अम्मीची कधी विचारली नव्हती.

"सांगन तं खोटं सांगतलं व्हईन," ते म्हणाले. "नाई सांगन तं गाव म्हनन, म्हाताऱ्याची माय खोटं बोलत व्हती. आता काय करू मी?"

मला धीर द्यायला जमत नाही. मी विचारलं, तुमच्या अम्मीने ही गोष्ट ऐकली कोणाकडून? त्यांना माहीत नव्हतं. मग ते माहीत असणारं कोणी जिवंत आहे का? अम्मीची धाकटी बहीण, त्यांची खाला, चिखलीला होती. नव्वदीची, कानाने कमी. मला अस्तराचं कापड आणायचंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काळीपिवळी जीपमध्ये बसलो.  वाटेत ड्रायव्हरने पुढे रस्ता बंद असल्याचं सांगितलं आणि चाचांनी "कोनं पाह्यलं?" असंही विचारलं नाही, तेव्हा मात्र मी घाबरले.

खाला बाजेवर ऊन खात बसल्या होत्या. चाचांनी प्रश्न तीनदा ओरडून विचारला. तिसऱ्यांदा शेजारचेही बाहेर आले. मग म्हातारी हसायला लागली. बाहीची गोष्ट त्यांच्या नानीची, म्हणाल्या. नानी सांगायची आणि शेवटी कानाला हात लावून म्हणायची, ही नुसती सांगायची गोष्ट आहे, मानायची नाही, खरं काय ते अल्लाहला ठाऊक. आणि तुझी अम्मीही दर वेळी शेवटी तेच म्हणायची. चाचा म्हणाले, अम्मी असं कधीच म्हणाली नाही, मी रोज ऐकायचो.

"आखरी बात सुनने को तू जागता कब था रे?" खाला म्हणाल्या. "बाही तक आते आते सो जाता था."

चाचांचा चेहरा मी विसरणार नाही. गावभरच्या रावींची परीक्षा घेणाऱ्या माणसाला सत्तरी उलटल्यावर कळलं की साखळीतली कच्ची कडी तो स्वतः आहे. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, आणि मग दोघं मावशी-भाचे इतके हसले की खालांना पाणी द्यावं लागलं. येताना काळीपिवळीच्या ड्रायव्हरने पुन्हा रस्ता बंद असल्याचं म्हटलं, तेव्हा मात्र त्यांनी त्याची पुरती उलटतपासणी घेतली. रस्ता कुठे बंद, कोणी पाहिला? रस्ता उघडाच होता.

शुक्रवारी माणसं नेहमीपेक्षा जास्त होती, कारण टपरीवाल्याने भर घालून बातमी पसरवली होती. भाचाही चिखलीहून आला आणि लांब, खांबाला टेकून उभा राहिला. मी ब्लाउजांची हातशिलाई घेऊन पुढे बसले. चाचांनी आयत म्हटली, पाहणारे कोण आणि ऐकणारे कोण ते सांगितलं, डोंगर सांगितला, प्रवासी सांगितले. भाचा हळूहळू खांब सोडून गादीवर येऊन बसला. मग चाचा थांबले. सगळ्यांच्या नजरा रुईच्या ढिगाकडे.

"इथलोक किताब हाये," चाचा म्हणाले. "आता पुढं माह्या अम्मीची गोष्ट हाये. तिनं तिच्या नानीपासून आयकली. दोघीही म्हनत व्हत्या, का हे नुसतं सांगासाठी हाये, मानासाठी नाई. अम्मी खोटं बोलत नोयती. मीच झोपून गेलतो. खाला जागी व्हती, तिची गवाही हाये."

आणि त्यांनी गोळा गळ्यात टाकला. या वेळी तो कोपरापाशी अडकला. भाच्याने उठून बाही धरली, चाचांनी हात झटकला, आणि गोळा मनगटातून निघून माझ्या शिलाईवर पडला. इतकं हसू आमच्या गल्लीत मी कधी ऐकलं नव्हतं. भाचा तर डोळे पुसत होता. त्याने चाचांचा हात सोडला नाही, आणि फोटोचं नाव त्या दिवसापासून दोघांपैकी कोणी काढलेलं नाही.

माणसं पांगली. मी गाद्या गुंडाळायला हात लावला. दिवसभर मिरवलेला माणूस दमला असेल असं मला वाटलं, पण चाचा उंबऱ्यावर बसून स्वतःच्या बाहीकडे पाहत होते. अम्मी कशी हात घालायची, कोणत्या हाताने काढायची, ते आपल्याशीच करून बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, एक डाव जागं राहून आयकाले पाह्यजे व्हतं."

 मी कामाला लागले. सांडलेली रुई झाडून ढिगावर टाकली. चाचा रुईची कणीसुद्धा वाया जाऊ देत नाहीत, सगळी पुन्हा पिंजतात. बाहीतला तो गोळाही मी टाकायला मागितला. त्यांनी तो दिला नाही. दिवस कलेपर्यंत मुठीत धरून बसून राहिले, आणि मी पत्र्याच्या अलीकडे मशीन बंदच ठेवलं.