भोंगेवाल्याचा फोटो

"हाऊच शे तो! धरा रे त्याले! ग्रुपवर येल शे याना फोटो!"

कांदा मार्केटातला एक हमाल पाठीवरची गोणी खाली टाकून ओरडत होता. मी मागे वळून बघितलं. म्हटलं, कोणाला धरतायत, आपणही बघू. फुकटची मारामारी बघायला मला लहानपणापासून आवडतं. माझ्या मागे भिंत होती. भिंतीपाशी कोणीच नव्हतं.

पहिली लाथ कमरेत बसली.

दोन हजार माणसं मारत होती मला. बायको म्हणते, तीसेक असतील. तिला काय माहीत, ती तिथे नव्हती. खाली पडलेल्या माणसाला नुसते पाय दिसतात, आणि एकेका माणसाला दोन-दोन असतात, तेव्हा आकडा थोडा इकडेतिकडे होऊ शकतो. पण ट्रॉलीचा फाळका काढून ज्याने माझ्या खांद्यावर घातला, तो एकच होता. पायात पांढरे कोरे बूट. माझं रक्त उडालं तसा तो मागे सरकला. बूट पुसले. परत आला.

"शाळेपाशी पोरी हेरतो काय रे, भडव्या?"

कसली शाळा? कसल्या पोरी? एकाने केसाला धरून माझं तोंड वर केलं आणि मोबाइल नाकासमोर धरला. फोटो माझाच. पासपोर्ट साइज, निळा शर्ट, तेल लावून पाडलेला भांग. खाली लिहिलेलं, 'सदर इसम शाळा परिसरात संशयास्पदरीत्या फिरत असून, आढळल्यास तात्काळ संपर्क साधावा.' ग्रुपचं नाव 'जागरूक नागरिक'. पाठवणारं, आमच्या गावचं पोलीस ठाणं.

आता मी कोण ते सांगतो. मी भोंगेवाला. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, आत माइक, माइकमागे मी. सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, नळाला पाणी येणार नाही, कोण मेलं, सगळं गावाला माझ्या तोंडून कळतं. आवाज असा, की मी नामपूरला बोललो तर सटाण्यात म्हशी पान्हा सोडतात. आठ वर्षं पोलिसांच्या सूचनाही मीच ओरडत आलो. 'नागरिकांनो, सावधान!' हे मी ज्या ताकदीने म्हणायचो, त्या ताकदीने कोण्या मंत्र्याला म्हणता येणार नाही.

आणि गंमत बघा. आवाज सगळ्या गावाच्या ओळखीचा, तोंड कोणाच्याच नाही.

मी ओरडलो, "अरे, मी भोंगेवाला!" पण तोवर जबड्यावर लाथ बसलेली. तोंडातून रक्त आणि एक दात बाहेर आला, शब्द अर्धाच.

"खोटं बोलतो! भोंगेवाल्याचा आवाज मला काय माहीत नाही काय?" एक जण म्हणाला आणि त्याने खोटं बोलल्याबद्दल वेगळी लाथ घातली.

एक कांद्याचा व्यापारी मात्र मला तोंडाने ओळखत होता. दर दिवाळीला त्याची जाहिरात मी करायचो. तो पुढे आला, वाकून बघितलं. मला वाटलं, सुटलो.

कोणीतरी विचारलं, "शेठ, ओळखीचा आहे का?"

"आहे ओळखीचा," तो म्हणाला. "वस्तीवरचाच आहे." आणि आत गेला.

वस्ती म्हणजे आमची बौद्धवस्ती. एवढं एक वाक्य पुरलं. त्यानंतर जे मारलं, ते ओळख पटल्यावर मारलं. दोन बरगड्या त्या वाक्यानंतरच्या आहेत.

मग जीप आली. मला मागच्या पत्र्यावर गोणीसारखं टाकलं. माझी रिक्षा मागे उलटी पडलेली, भोंगे पायाखाली चेपलेले. पुढे बसलेल्या हवालदाराने मोबाइल काढला, फोटो बघितला, मागे वळून मला बघितलं. परत फोटो. परत मला. आणि हळूच म्हणाला, "च्यायला. हा तर आपला भोंगेवाला."

तो निळा शर्ट मी जन्मात एकदाच फोटोसाठी घातला होता. ठाण्यात 'पोलीस मित्र' हे ओळखपत्र देत होते. मला फार हौस. गळ्यात कार्ड, कार्डावर सिंह, चौकात उभं राहायचं, रुबाबच वेगळा. याच हवालदाराने माझ्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढला होता. शाळेपाशी फिरणारा कोणी दुसराच होता, त्याचा फोटो त्याच मोबाइलात माझ्या फोटोशेजारी होता. बोट घसरलं. एवढंच. मित्राचा संशयित व्हायला एक बोट पुरतं.

दुपारभरात फोटो ग्रुपवरून काढला. तोवर तो प्रत्येक मोबाइलात उतरला होता, गावोगाव गेला होता. हरसूलला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याला तो तिथे दिसला. खाली एक ओळ कोणी लिहिली नाही की हा माणूस तो नव्हे. आणि त्या ग्रुपवर फक्त पोलीसच लिहू शकतात. बाकी अख्ख्या गावाने वाचायचं, जागरूक व्हायचं आणि गप्प बसायचं.

नाशिकला सरकारी दवाखान्यात नऊ दिवस पडून होतो. छतावरचा पंखा बघत. तिथे एक गोष्ट आठवली, ती सांगायची नव्हती, पण सांगतो.

पोलिसांच्या प्रत्येक सूचनेच्या कागदावर शेवटी एक ओळ असायची. 'संशयितास मारहाण करू नये, कायदा हातात घेऊ नये.' मी ती गाळायचो. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला की तिथेच माइक बंद करावा, हे माझं कसब. त्या ओळीने सगळा रंग जायचा. उलट मीच पदरचं घालायचो, 'टोळी', 'चाकू', 'काळी गाडी'. गेल्या वर्षी असंच ओरडून गेलो आणि संध्याकाळी एका चादरी विकणाऱ्या फिरस्त्याला लोकांनी स्टँडवर तुडवलं. ती गोष्ट मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगायचो. चादर घेऊन तो कसा पळाला, कसा अडकून पडला. लोक पोट धरून हसायचे. मी स्वतः हसायचो.

त्याला कसं लागलं असेल, ते माझ्या बरगड्यांनी मला सांगितलं.

घरी आलो. पोरगी सहावीत. शाळेत जायचं तिने बंद केलं होतं. तिच्या बाकावरच्या दोघी उठून दुसरीकडे बसल्या होत्या. एकीने विचारलं होतं, "तुझे पप्पा सुटले का?" बायकोने मला एवढंच सांगितलं, "ती म्हणते, ग्रुपवर लिहून येईल तेव्हा जाईन. तोवर नाय."

म्हणून ठाण्यात गेलो. काठी टेकत, डाव्या कानामागे बारा टाके. साहेब खुर्चीत. मला म्हणाले, "बस." खुर्च्या दोन होत्या. एकीवर त्यांची टोपी होती, दुसरीवर फाइल. मी उभा राहिलो.

"साहेब, फोटो चुकून पडला, एवढी एक ओळ ग्रुपवर टाका."

"डिलीट केलाय ना? मेलं ते आता. उकरून काय मिळणार? खात्याची बदनामी." मग हसले. "त्यापेक्षा मस्त आयडिया आहे. व्हिडिओ करू. 'पोलिसांच्या तत्परतेमुळे नागरिकाचे प्राण वाचले.' तू बोल. तुझा आवाज आहेच. लोकांना विश्वास वाटला पाहिजे."

"आणि फोटोचं?"

"आमच्या हवालदाराचा काय दोष रे? तुमच्याकडचे सगळे सारखेच दिसता."

खोटं कशाला बोलू, मी तयार झालो. कागद हातात घेतला. हवालदाराने मोबाइल उभा धरला. साहेब मागून सांगत होते, "पट्टी दिसू दे. हात जोड. अजून वाक. डोळ्यांत पाणी आण जरा. आणि शेवटी ते तुमचं जय भीम नको. जय हिंद म्हण."

मी वाकलो. आठ वर्षं यांनी दिलेला प्रत्येक कागद मी वाचला होता. हाही वाचणार होतो. 'मी मनःपूर्वक आभार...' इथपर्यंत आलो. आणि माझ्या हातातला कागद मलाच दिसेना. पोरीचा रिकामा बाक दिसायला लागला.

ताठ झालो. बरगडीतून कळ गेली. मोबाइलच्या काचेत बघून म्हणालो, "माझा फोटो या ठाण्याने टाकला. मला मारायला गाव या ठाण्याने पाठवलं. जय भीम."

साहेबांचा हात टाक्यांवरच आला. कान फाटल्यासारखा आवाज झाला. पडलो. मग पट्टा. कमरेवर, मांडीवर, जिथे पट्टी नव्हती तिथे मोजून. "माज आला काय रे? माज?" हवालदार मोबाइल खिशात घालून भिंतीकडे तोंड करून उभा. मी ओरडलो नाही. माझा आवाज यांच्या कामाला आता येणार नव्हता, ओरडायलासुद्धा.

कानातून गरम काहीतरी मानेवर ओघळत होतं. तशाच अवस्थेत चालत बाहेर आलो. काठी आतच राहिली.

त्याची तक्रार द्यायला त्याच ठाण्यात जावं लागणार होतं. मी टपालाने नाशिकला मोठ्या साहेबांकडे पाठवली, पोचपावती जपून ठेवली. आणि आठवडे बाजाराच्या दिवशी जयंती मंडळाचा भोंगा मागून आणला. मेव्हण्याची रिक्षा आणली, चालवायला तोच. या वेळी आत बसलो नाही. रिक्षाच्या दांडीला धरून बाहेर उभा राहिलो, तोंड गावाला दिसेल असा.

आवाज पहिल्यासारखा नाही. जबडा पूर्ण उघडत नाही, दात गेला तिथून वारा जातो. म्हशी पान्हा सोडणार नाहीत आता. पण बाजार थांबला. मी म्हणालो, "मी भोंगेवाला. तुम्ही ज्याला मारलं, तो मी. फोटो माझा, गुन्हा माझा नाही. चूक ठाण्याची. कबूल करत नाहीत." चादरीवाल्याचंही सांगितलं. ती आग मी लावली होती, हे माझं नाव घेऊन सांगितलं. एक शब्द पदरचा घातला नाही. माझ्या आयुष्यातली ती पहिली सूचना, जशी होती तशी.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई मेथीची जुडी हातात धरून नुसती बघत राहिली. व्यापाऱ्याने शटर अर्धं ओढलं. मी रिक्षा पुढे घ्यायला लावली आणि त्याच्या शटरसमोर परत पहिल्यापासून सुरू केलं.

तिसऱ्या फेरीला मोटरसायकलवरून तोच हवालदार आला. माझ्या कानाकडे बघेना.

"बंद कर बाबा. परवानगी आहे का भोंग्याची?"

"आठ वर्षं तुमचं ओरडलो, तेव्हा कुठे होती?"

"साहेब तापलेत. आत टाकीन म्हणतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "किती दिवस चालवणार आहेस हे?"

मी माइक तोंडापासून बाजूला केला.

"ग्रुपवर लिहून येईपर्यंत."