हवा काढायला एक घाट

गॅरेजमध्ये जुने पार्ट कोपऱ्यात साचतात, तसे किस्से पण साचतात. धामणगाव बढ्याच्या माझ्या गॅरेजात पॉवर स्टेअरिंगच्या गळतीचेच इतके झाले की इंजिनाचे सांगायची पाळीच येत नाही. लोक ऐकून हसतात. मला तेव्हा एकावरही हसू आलं नव्हतं, कारण गाडीखाली मी होतो.

*

गवई सर हायस्कुलात विज्ञान शिकवतात. स्टेअरिंग कण्हायला लागलं की सर बॉनेट उघडून स्टेअरिंगच्या तेलाच्या डबीत लाल तेल ओतायचे. दर रविवारी.

मी म्हटलं, "सर, हे तेल काही पेट्रोलसारखं जळत नाही. कमी होते म्हणजे कुठून तरी गळते."

"मले माहीत हाय. पण लेव्हल मी एकदाही खाली जाऊ नाही देली."

"मंग अंगणात ते लाल काय हाय?"

"ते जुनं तेल," सर शांतपणे म्हणाले. "गाडीत नेहमी ताजंच राहते."

विज्ञानाच्या माणसाशी कोण वाद घालणार? पाइपाची क्लिप ढिली होती, ती बदलून दिली. आता भेटले की सर तक्रार करतात, तेल जुनं होऊन राह्यलं म्हणून.

*

जोशी गुरुजी पूजा सांगायला गावोगाव गाडीनं फिरतात. गळती नेमकी कुठं आहे ते कळावं म्हणून मी सांगितलं, रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका आणि सकाळी घेऊन या.

पुठ्ठा आला, पिवळ्या कापडात गुंडाळून. त्यावर आठही दिशा सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या आणि एका कोपऱ्यात लाल डाग.

"गळती आग्नेयेला आहे," गुरुजी म्हणाले.

"गाडीचं तोंड कोणीकडं होतं?"

गुरुजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "ते पाहायचं राहिलं."

*

बाबाराव काका तीस वर्षं राजूर घाटातून बुलढाणा-मलकापूर बस चालवून रिटायर झालेले. डोळ्यांत काचबिंदू. त्यांचा मुलगा सुनील ऑफिसात क्लार्क आहे. त्यानं काकांच्या गाडीची चावी स्वतःच्या खिशात ठेवली. तेव्हापासून काका रोज माझ्याकडे येऊन बसायला लागले.

गळती काढली की नळ्यांत हवा राहते. ती काढायची म्हणजे पुढची चाकं जॅकवर उचलायची, इंजिन बंद ठेवायचं आणि एकानं स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बसायचं, डबीतले बुडबुडे थांबेपर्यंत. कंटाळवाणं काम. काका म्हणाले, मी बसतो.

"वीस वेळा फिरवा, काका."

"वीस-बीस मले नाही समजत. राजूर घाट उतरून देतो."

आणि सीटवर बसूनच खरंच घाट उतरले, एकेक वळण घेत. एकदा मध्येच थांबले. मी डबीवरून मान वर केली. "काऊन थांबले, काका?"

"खालून ट्रक येऊन राह्यला. चढणाऱ्याले पह्यले जाऊ द्या लागते."

*

मागच्या महिन्यात सुनील काकांचीच गाडी घेऊन आला. विकायची होती. गिऱ्हाईक डोणगावचं, बोलणं पक्कं झालेलं, तेवढी स्टेअरिंगची गळती काढून हवी होती.

"काकाले विचारलं?"

"हाव म्हणाले," सुनील बोलला आणि रस्त्याकडे पाहायला लागला.

मी पंपाचं सील बदललं. गाडी जॅकवर चढवली. काका आले, कुणी न सांगता ड्रायव्हरच्या सीटवर बसले. घाट सुरू झाला.

अर्ध्यातच बुडबुडे थांबले. मी म्हटलं, "झालं, काका. हवा निघाली."

"अजून अर्धा घाट बाकी हाय."

मला वाईट वाटलं, खरं सांगतो. मी जॅकला हात लावला नाही. सुनीलनं फोन खिशात टाकला आणि गाडीकडे निघाला. मला वाटलं, आता बापाला खाली उतरवतो. पण तो पलीकडून गेला, दार उघडलं, बाजूच्या सीटवर बसला आणि बेल्ट लावला.

काकांनी समोरची नजर हलवली नाही.

"हात खिडकीबाहेर काढू नको बे," ते म्हणाले.