मिझ अंजना

चौसाळ्यातल्या इंग्रजी शाळेत सगळ्या बाईमाणसांना एकच नाव : मिस. लग्नाआधीची मिस, लग्नानंतरची मिस, नातवंडं झाली तरी मिसच. अंजनाची त्याला हरकत नव्हती. पोरं निदान हाक तरी मारायची.

पंचाईत व्हायची ती शाळेबाहेर. नवरा बजरंग ट्रक घेऊन सुरतेला गेला, तो गेलाच. ट्रक मालकाकडं परत आला. नवरा तेवढा आला नाही. मेल्याची खबर नाही की फारकतीचा कागद नाही. त्यामुळं लग्नपत्रिकेवर तिला कुणी सौ. लिही, कुणी श्रीमती, आणि लई हुशार माणूस पत्रिका द्यायचंच विसरे.

यंदा सहावीला तिनं शिकवलं, मिस म्हणजे बिनलग्नाची, मिसेस म्हणजे लग्नाची. आणि मिझ, शेवटी मधमाशीसारखा आवाज काढायचा, म्हणजे बाईचं लग्न झालंय का हे कुणी विचारायचं कारण नाही. वर्गात मोहोळ उठलं. अंजनाला मात्र तो शब्द माप घेऊन शिवल्यासारखा बसला.

गॅदरिंगला माइकवर नावं पुकारणाऱ्या परमेश्वर सरांना तिनं तसंच पुकारायला लावलं. सरांनी ‘मिझ अंजना’ इतकं घोळवलं की माइकवाला धावत वायर बघायला आला.

संक्रांत झाली. शेजारच्या विमलबाई हळदी-कुंकवाला तिला दरसाल बोलावत. बजरंग कुठंतरी हाय, एवढं त्यांना पुरायचं. यंदा त्या दारातच घुटमळल्या.

“अंजनाबाई, ते मिझ कावून म्हणले वो? मालकाचं काई कळलं का?”

“न्हाई काकू. त्या शब्दात मालकाचं काईच येत न्हाई.”

“ते ऱ्हाऊ द्या. मी कुकू लावू का नगं, एवढं सांगा.”

‘लावा’ म्हटलं असतं की झालं असतं. पण लावा म्हणजे तो आहे, नको म्हणजे तो गेला. आणि यातलं तिला खरंच काही ठाऊक नव्हतं.

“मला म्हाईत न्हाई, काकू.”

विमलबाई मनाच्या वाईट नव्हत्या. “बरं, बघू,” म्हणून गेल्या. संध्याकाळी भिंतीपलीकडून उखाणे आले, हसणं आलं. तिळगूळही आला, झाकल्या वाटीत. हळदी-कुंकू आलं नाही.

अंजनानं वाटी घासून पालथी घातली. मग तो शब्द एकदा हळूच म्हणून पाहिला. शेवटचा झ बराच वेळ चालला. थांबवायला घरात कुणी नव्हतं.