चहाभाताची पंगत

"भातावर चहा ओत आणि पप्पांना दे," लेक व्हिडिओ कॉलवर म्हणाली, तेव्हा मला वाटलं पोरगी जपानला जाऊन पार बिघडली.

ती तिकडं एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची सेवा करते. इकडं जालन्यात, मस्तगडला, आम्ही दोघंच. ह्यांना टायफॉइड झाल्ता. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती परत यायचं नावच घेईना. जन्मभर शाळेतल्या पोरांना 'ताटात टाकू नका' म्हणून दम देणारा माणूस, आता स्वतःच ताट सरकवून द्यायला लागला. मुगाची खिचडी केली, नको. ज्वारीच्या कण्या केल्या, नको. भेटायला येणारा जो तो मोसंबी घेऊन यायचा. घरात मोसंब्यांचा ढीग झाला, पण हे एक फोड तोंडात टाकतील तर शपथ! डॉक्टरांनी सरळ सांगितलं, सोमवारपर्यंत पोटात काही गेलं नाही तर भरती करून सलाईन लावावी लागेल.

मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी भांडते. माझा स्वभावच तसा.

"अहो, मी काय विष घालून राह्यले का त्याच्यात?"

हे भिंतीकडं तोंड करून पडायचे. म्हणून म्हटलं, जपान तर जपान, करून बघू.

आता आमच्या घरी चहा टाकला म्हणजे काय? म्हशीचं दूध, साखर, ठेचलेलं आलं आणि लाल होईस्तोवर उकळी. तसाच गरमागरम चहा मी भाताच्या वाटीवर ओतला. वरून आंबट लोणचं ठेव असं लेक म्हणाली होती, तर लिंबाच्या लोणच्याची फोडही ठेवली. दूध फाटलं. वाटीकडं माझं मलाच बघवेना. तरी नेऊन दिली.

ह्यांनी एक चमचा घेतला आणि डोळे मिटून बसले.

"काय हो? काय झालं?"

"चव आली," हे म्हणाले. "पण न्हवती तेच बरं होतं."

आणि हसले! आजारपणात पहिल्यांदा. मी तसाच लेकीला फोन लावला आणि वाटी दाखवली.

"मम्मी! दूध घातलंस? साखर पण?"

"मंग चहात काय घालतेत? तुरीची डाळ?"

"अगं, बिनदुधाचा! हिरव्या पत्तीचा, ग्रीन टी!"

तो शेजारणीकडं होता. वजन कमी करायला आणून तिनं तसाच कपाटात ठेवला होता. मागितल्यावर अख्खा डबा तिनं माझ्या हातात कोंबला, सुटल्यासारखी.

"थांब, मी करून दाखवते," लेक म्हणाली. तिनं फ्रिजमधला गार भात एका वाडग्यात काढला, वर कढत हिरवा चहा ओतला, चिमूटभर मीठ आणि एक आंबट फळाचं लोणचं टाकलं. झालं. ओट्याला टेकून उभ्या उभ्याच खायला लागली. मागं एवढीशी खोली, वाळत टाकलेली एक ताटली आणि एक कप.

हे उशीवरनं बघत होते. "रोज हेच खाती का?"

"तर काय पप्पा! ड्युटीवरून आल्यावर एकटीसाठी कोण स्वयंपाक करतं?" ती हसत हसतच म्हणाली. हे हसले नाहीत.

हे हाताचा टेका घेऊन उठून बसले. "खाली बस आधी. उभ्यानं जेवू न्हाई. मी बी बसतो तुझ्यासंगं."

आमच्या घरात पंगतीचा एक नियम आहे. आधी जेवण झालेल्यानं उठायचं नाही, शेवटच्या माणसाचा घास होईपर्यंत बसून राहायचं. तो ह्यांनी फोनवर लावला. मी घाईघाईनं हिरवा चहाभात केला, मीठ घातलं, भाजलेला पापड चुरला. ह्यांनी कसंनुसं तोंड करत घास घेतला. ती थांबली की हे थांबायचे, ती खायला लागली की हे खायचे. लेक तिकडून ओरडली, "पप्पा, मी उठू का? तुमचं राह्यलंय!" वाटी चाटूनपुसून रिकामी झाली. ह्या खेपेला भिंतीकडं तोंड मी केलं.

मग रोजचंच झालं. तिकडं तिचे रात्रीचे नऊ वाजायचे, तेव्हा इकडं साडेपाच. भेटायला कुणी आलं की हे म्हणायचे, "बसा, पण बोलू नका. पंगत बसलीय."

रविवारी फोन लागला तर लेकीपुढं वाफाळलेला वरणभात. वर तूप.

"आज केलास?" मी विचारलं.

"आता पंगत म्हटल्यावर करावंच लागतं ना, मम्मी."

हे एकदा तिच्या ताटाकडं बघत राहिले, एकदा आपल्या वाटीकडं. आणि माझ्यावर कडाडले, "ती वरणभात खाऊन राह्यली, अन् मला अजून हा चहाच का? घरात तूप न्हाई का?"

तिकडं लेक घास घ्यायची थांबली.

"तू खाऊ नको गं अजून," मी तिला ओरडून सांगितलं, "पप्पांना भूक लागलीय!" आणि कुकर शोधायला पळाले.