आईच्या बायबलातली पेन्सिल

एस्तेर, जवळ असतीस तर कानच धरला असता तुझा. "आईनं बायबल ताईला दिलं, मला काय ठेवलं?" हे किती वर्षं म्हणणार गं?

मोतीबिंदू काढल्यापासून मी सकाळी चहाबरोबर एकच अध्याय वाचते, सावकाश. काल समासात पुसट पेन्सिल दिसली. तुझं नाव! वाचताना आई ज्याच्यासाठी प्रार्थना करायची, त्याचं नाव वचनाशेजारी लिहायची. मी पानं उलटत बसले. माझं नाव दोनदा, तुझं पानोपानी. खरं सांगते, पोटात दुखलंच जरा. मग वाटलं, तू लांब दिलेली, तिचा जीव तुझ्यातच असणार. इतकी वर्षं मी वाचलं, पण आई कुठं थांबायची ते पाहिलंच नाही.

बायबल आता तूच ठेव. न्यायला लवकर ये, आणि दोन दिवस राहायच्या बेतानं ये.