गुरुजींची प्रार्थना आणि मस्कतचं तिकीट

नाताळाच्या तोंडावर मस्कतहून मुंबईचं विमान मिळवायचं म्हणजे आधीच डोक्याला ताप. त्यात कृपादान गुरुजींसारखं गिऱ्हाईक समोर बसलं, की दुकानाला कुलूप लावून सरळ घरी जावंसं वाटतं.

तिसगावच्या बाजारपेठेत माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, रेल्वे, विमान, सगळं काढून देते. गुरुजींनी मला चौथीला शिकवलंय. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी सदऱ्याची इस्त्री मोडत नाही आणि बोलणं अजून वर्गात उभं राहून बोलल्यासारखं. त्यांच्या पत्नी, स्टेलाबाई, ऑगस्टमध्ये गेल्या. लेक कृपा मस्कतला नर्स. तिला मातीलाही येता आलं नाही. म्हणून कबरीवर अजून दगड बसवलेला नाही; लेक आली की प्रार्थना करून बसवायचा, असं ठरलंय. तिला रजा मिळाली ती नेमकी नाताळातली.

कृपा स्वतःच तिकीट काढणार होती. गुरुजींनी अडवलं. लेकीला माहेरी आणायला बापानं जायचं असतं. मस्कतला जाणं होत नाही, तर निदान तिकीट तरी बापाचं हवं.

इथपर्यंत ठीक होतं. पण गुरुजी प्रार्थना केल्याशिवाय कुठलंच काम करत नाहीत, आणि त्यांची प्रार्थना आटोपशीर नसते.

पहिल्या दिवशी मी विमान शोधलं, पासपोर्टची माहिती भरली, पैसे भरायच्या पानावर आले आणि कार्ड मागितलं. त्यांनी कार्ड मुठीत धरून डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या..." शुद्ध, पुस्तकी मराठी. वैमानिकासाठी मागून झालं, ढगांसाठी झालं, मस्कतच्या सरकारसाठी झालं, माझ्या दुकानासाठीही झालं. आमेन येईपर्यंत पानाची मुदत संपली. पुन्हा उघडलं तर भाडं वाढलेलं.

आमच्या घरीही बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय कामाला हात लागत नाही. पण ते एका दमात होतं, आणि पोळी तव्यावर करपत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हुशारी केली. "गुरुजी, आधी प्रार्थना करून घ्या, मग मी कॉम्प्युटर उघडते." त्यांनी निवांत केली. मी सगळं भरलं, कार्ड मागितलं, तर पुन्हा डोळे मिटले.

"अहो, आत्ताच झाली की."

"ती कामाच्या आरंभाची, मेहरीन. ही पैसे देण्याची."

तेवढ्यात ती सीट गेली. उरलेली विमानं नाताळ उलटल्यावर पोचणारी. संध्याकाळी मस्कतहून कृपाचा फोन. मी बापावरचा राग लेकीवर काढला, ती बिचारी ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "बघ ना गं, काहीतरी कर."

तिसऱ्या दिवशी कुणीतरी रद्द केलेली एक सीट दिसली. मी गुरुजींना फोन करून बोलावून घेतलं. कार्ड त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावलं, नंबर टाकला. टेबलावरच्या त्यांच्या फोनवर ओटीपी आला. आणि समोर डोळे मिटलेले. माझं टाळकं सरकलं. आज आमेनसाठी थांबायचं नाही, असं ठरवून मी फोन माझ्याकडे ओढला.

तेव्हा लक्षात आलं, त्यांची भाषा बदललीय. पुस्तकी मराठी कुठेच नव्हती.

"देवा, पोर यील तवा मी तिला काय सांगू? तिची आई दवाखान्यात रोज म्हनायची, कृपाला बोलवा. मीच न्हाई बोलावलं. बरी हुईल म्हनलं, पोरीच्या जिवाला कशाला घोर. आन आता दगड बसवायला बोलावतुय. लई भ्या वाटतंय रं देवा."

तीन दिवस त्यांनी जगासाठी मागितलं होतं, पण तिकीट मिळू दे, एवढं काही एकदाही म्हणाले नव्हते. हा माणूस तिकीट काढत नव्हता, पुढं ढकलत होता. माझा सगळा राग उतरला आणि डोळे भरून आले. तरी मी ओटीपी टाकला.

प्रिंटरचा आवाज ऐकून त्यांनी डोळे उघडले.

"झालं?"

"झालं. बावीस तारखेचं."

ते कागदाकडे बघत राहिले. "आता तिला काय सांगू गं?"

"देवाला आत्ता सांगितलंत तेच. आणि फोनवर सांगा, ती निघायच्या आत. कबरीपाशी नको."

गुरुजींनी तिकिटाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली. बाहेर पीकविम्याची माणसं ताटकळली होती, त्यांना मी हातानंच थांबवलं. मग गुरुजींनी माझ्यापुढचा त्यांचा फोन उचलून माझ्या हातात दिला.

"लावून दे," म्हणाले.